शेअरमधून खरी कमाई किती झाली? लाभांश धरून हिशेब असा करा

शेअरमध्ये किती मिळाले, असे विचारले की बहुतेक जण मोबाईलवरचा आजचा भाव सांगतात. पण शेअर हातात असताना बँक खात्यात जमा झालेला डिव्हिडंड, म्हणजे लाभांश, त्यात धरलेला नसतो. शेअर विकायचे की ठेवायचे, वारसांत वाटणी कशी करायची, हे अशा अर्धवट हिशेबावर ठरवले तर नुकसान आपलेच.

समजा, राजुरीच्या एका कुटुंबाने आळेफाट्याला कांदा विकून आलेल्या पैशांतून ४०० रुपये भावाने १०० शेअर घेतले. गुंतवणूक ४०,००० रुपये. तीन वर्षांत प्रत्येक शेअरवर ८, १० आणि १२ रुपये, असा एकूण ३,००० रुपये लाभांश आला. नंतर ४६० रुपये भावाने शेअर विकून ४६,००० रुपये मिळाले.

आता हिशेब पाहा. विक्रीच्या रकमेतून खरेदीची रक्कम वजा करा, त्यात लाभांश मिळवा, आलेल्या बेरजेला खरेदीच्या रकमेने भागा आणि शंभरने गुणा. भावातला नफा ६,००० आणि लाभांश ३,०००, मिळून ९,००० रुपये. म्हणजे परतावा २२.५ टक्के. फक्त भाव पाहिला असता तर तो १५ टक्केच दिसला असता.

हा परतावा पूर्ण तीन वर्षांचा आहे. त्याला सरळ तीनने भागून वर्षाला ७.५ टक्के म्हणू नका. दरवर्षी वाढीवर वाढ धरली तर ४०,००० चे ४९,००० व्हायला वर्षाला साधारण ७ टक्के पुरतात. सोने किंवा जमिनीशी तुलना करताना हा आकडा घ्यावा.

बोनस शेअर मिळाले असतील तर आणखी जपून हिशेब करावा लागतो, कारण बोनसनंतर शेअर वाढतात आणि भाव त्या प्रमाणात उतरतो. विप्रोचेच बघा. १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला एम. एच. प्रेमजी यांनी सुरू केलेली ही कंपनी. तिने २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीन शेअरमागे एक आणि २०२४ मध्ये पुन्हा एकास एक बोनस दिला. म्हणजे २०१७ च्या बोनसआधीचे ३०० शेअर आधी ६००, मग ८०० आणि शेवटी १,६०० झाले. जुन्या ३०० शेअरना आजच्या भावाने गुणणाऱ्याला फायद्याच्या जागी तोटा दिसू शकतो.

दलाली आणि कर वजा करायला विसरू नका. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. उलेमांच्या सल्ल्याने लाभांशातला काही भाग दान करत असाल, तर तोही कमाईत मोजू नका.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीत जुने शेअरचे कागद असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे चौकशी करा. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. मात्र कागदपत्रे देऊन वारसांना ते परत मागता येतात.