आठ महिन्यांचा दुष्काळ

सप्टेंबर 2002. ओल्ड ट्रॅफर्डवर मॅकाबी हैफाविरुद्ध मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला दिएगो फोर्लान पुढे आला. जानेवारीत आलेल्या या उरुग्वेच्या आघाडीवीराच्या नावावर तोवर एकही गोल नव्हता. आठ महिने! चेंडू जाळ्यात गेला आणि स्टेडियमने सुटकेचा निःश्वास टाकला.

नवल म्हणजे, प्रेक्षकांनी त्याला कधी झिडकारलं नव्हतं. मग 1 डिसेंबरला लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर त्यांचा गोलरक्षक डुडेक याच्या पायांमधून चेंडू निसटला. फोर्लानने तो गोल केला, पाठोपाठ आणखी एक. युनायटेड 2-1 ने जिंकली. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात केलेले असे दोन गोल दहा हंगामांची कसर भरून काढतात. त्याच्यावरचं गाणं युनायटेडचे चाहते पुढेही म्हणत राहिले.

फुटबॉल घरातच होता. 1967 ची कोपा अमेरिका जिंकणाऱ्या उरुग्वेचे प्रशिक्षक हुआन कार्लोस कोरासो हे त्याच्या आईचे वडील, आणि त्याच संघात त्याचे वडील पाब्लो. दिएगोला मात्र लहानपणी टेनिसचं वेड. तो बारा वर्षांचा असताना थोरल्या बहिणीला अपघातात अपंगत्व आलं. तिच्या उपचारांसाठी पैसे कमवायचे म्हणून फुटबॉलमध्ये जिद्दीने उतरल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे.

स्पेनने त्याचं सोनं केलं. व्हियारेआलकडून 2004-05 मध्ये 25 गोल, अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून 2008-09 मध्ये 32. दोन्ही वेळा तो ला लिगाचा अव्वल गोलकर्ता. 2010 च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध अ‍ॅटलेटिकोचे दोन्ही गोल त्याचेच.

आणि मग त्याच वर्षीचा दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक. तिथल्या जाबुलानी चेंडूच्या नावाने गोलरक्षक बोटं मोडत होते, फोर्लानशी मात्र तो शहाण्यासारखा वागला. घानाविरुद्ध उजव्या पायाची फ्री किक, नेदरलँड्सविरुद्ध लांबून डाव्या पायाचा फटका. कोणता पाय कच्चा, हे बचावपटूंना कधी कळलंच नाही. पाच गोल, संघ चौथा, आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल त्याच्याकडे. जेमतेम पुण्याएवढ्या लोकसंख्येचा देश उरुग्वे! पुढच्या वर्षी कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि घराण्याची तिसरी पिढीही विजेती ठरली.

2016 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी तो मुंबई सिटीकडून खेळायला आला. अंधेरीत केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या 5-0 विजयात त्याची हॅट्ट्रिक होती. साखळीत मुंबई अव्वल राहिली. उपांत्य फेरीत कोलकात्यात त्याला लाल कार्ड मिळालं आणि पुढे संघही बाद झाला.

2019 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, तो पुन्हा मोंतेविदेओत प्रेक्षकांसमोर उतरला. या वेळी हातात रॅकेट होती: उरुग्वे ओपनमध्ये पुरुष दुहेरी. पहिल्याच सामन्यात 6-1, 6-2 असा सरळ सेटमध्ये पराभव झाला.