आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी झालेली यंत्रं

1862 साली डभोई ते मियागाम असा वीस मैलांचा लोहमार्ग तयार झाला. रूळ पडले, डबे आले आणि डब्यांना जुंपले बैल. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी घातलेली ही भारतातली पहिली नॅरोगेज रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि रूळ इतके हलके की इंजिनाचं ओझं त्यांना पेलणारं नव्हतं. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि कानम प्रांतातल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मियागामला मोठ्या रुळांवरची गाडी आधीच पोचली होती. तिच्यापर्यंत माल नेऊन पोचवायचा, मग ओढणारा बैल असला तरी चालेल, असा तो व्यवहार होता. पुढे वजनदार रूळ टाकले गेले आणि 1873पासून वाफेचं इंजिन या मार्गावर नियमित धावू लागलं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त भावतं ते हे, की डभोईच्या लोकांना रेल्वे आणि बैल एकाच वेळी दिसले. नवं आलं तेव्हा जुनं हद्दपार झालं नाही; त्यानंच नव्याला अकरा वर्षं ओढून नेलं.

सयाजीराव महाराज 1875मध्ये बडोद्याच्या गादीवर आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत या छोट्या गाडीच्या फांद्या चांदोद, बोडेली, छोटा उदेपूर, जंबुसर अशा दूरदूरच्या गावांत गेल्या. डभोई हे आशियातलं सगळ्यात मोठं नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. बडोद्यातल्या प्रतापनगरला 1919 साली रेल्वेचा कारखाना उभा राहिला. तिथले फिटर, बॉयलरवाले, लोहार इंजिनाचा सुटा भाग बाजारात मिळाला नाही तर स्वतः घडवत. गुजराती माणसं या गाडीला ‘बापू गाडी’ म्हणत. आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत तिचं नाव नुसतं ‘छोटी गाडी’. चांदोदला नर्मदास्नानाला, श्राद्धकर्माला जायचं ते छोट्या गाडीनं. खिडकीत बसलं की डोळ्यांत कोळशाचा कण जाणारच, आणि आजी पदराच्या टोकाला फुंकर मारून तो डोळा शेकणारच.

1949मध्ये बडोदे संस्थान विलीन झालं, 1951मध्ये पश्चिम रेल्वे स्थापन झाली, तरी गाडी तीच राहिली. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल इथे यायला गेल्या शतकाचं शेवटचं दशक उजाडलं. 17 जानेवारी 2021 रोजी डभोई-चांदोदच्या रुंद केलेल्या मार्गाचं आणि पुढे केवडियापर्यंतच्या नव्या मार्गाचं उद्घाटन झालं. आता केवडियाला सरदार पटेलांचा पुतळा बघायला जाणारी गाडी तिथून वेगानं जाते. प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमध्ये जुन्या गाडीच्या खाणाखुणा जपून ठेवल्या आहेत. तिथे शाळेच्या सहली येतात.

वाफेचा काळ 1873 ते 1990च्या आसपास, म्हणजे जवळजवळ एकशेवीस वर्षांचा. इंजिनं बदलली, पण जात तीच: पाणी, कोळसा, वाफ, शिट्टी. पणजोबा लहानपणी ज्या तऱ्हेच्या गाडीत बसले, त्याच तऱ्हेच्या गाडीत पणतू बसला. विदर्भातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचीही हीच कथा. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन 1994पर्यंत सत्तर वर्षं चाललं. त्या इंजिनावर उमेदवार म्हणून लागलेला माणूस निवृत्त होऊन वारला, तरी इंजिन कामावर होतंच.

आणि इथेच, मला वाटतं, आपल्या आजच्या अस्वस्थतेचं मूळ आहे. पूर्वी यंत्र माणसापेक्षा जास्त जगे. माणूस म्हातारा होई तो नातवंडांकडे बघून, आरशात बघून. घरातलं शिलाई मशीन किंवा भिंतीवरचं घड्याळ त्याला त्याचं वय सांगत नसे. आज साठीच्या घरातल्या माणसानं एका आयुष्यात तबकड्या, स्पूल, कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह अशी गाण्याची पाच घरं बदललेली असतात. प्रत्येक वेळी हातांना काहीतरी शिकावं लागलं, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत निरुपयोगी झालं. गुंतलेली टेप पेन्सिल घालून सोडवणं, रेडिओची सुई लघुलहरींवर केसाच्या अंतरानं सरकवणं, अंधाऱ्या खोलीत नुसत्या बोटांनी फिल्म रिळावर चढवणं, पन्नास लोकांचे फोन नंबर पाठ असणं, ही सगळी कौशल्यं होती. ती येणाऱ्याला घरात मान होता. यंत्र अडगळीत जातं तेव्हा हा मानही जातो. नातवानं फोन हातातून घेऊन दोन सेकंदांत काम करून परत दिला की जी टोचणी लागते ती या मानाची असते.

बडोद्यात ही टोचणी जरा जास्तच लागते, कारण हे शहरच नव्या यंत्रांचं घर होतं. 1890मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं आणि सयाजीरावांच्या पाठबळानं कलाभवन सुरू झालं. सूत रंगवण्यापासून यांत्रिकीपर्यंत सगळं तिथे शिकवलं जाई. त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण याच संस्थेत चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटामागची रसायनं, काच आणि प्रकाश यांच्याशी झालेली ओळख इथली आहे. 1910पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांनी संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांसारख्या मराठी माणसानं त्या कामाची धुरा वाहिली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन आहे. काच अशासाठी, की वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. याच ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगाव मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचं यंत्र घेऊन जाई. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना चित्र तरी वाचता यावं, हा हेतू. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या खेड्यातल्या म्हातारीनं पांढऱ्या चादरीवर हलणारं चित्र पाहिलं असेल, तेव्हा आपण मागे पडलो असं तिला वाटलं असेल का? मला नाही वाटत. यंत्र तिच्या गावात आलं होतं, सगळं गाव ते एकत्र बघत होतं, आणि समजावून सांगायला एक माणूस बरोबर आला होता. आज यंत्र येतं ते एकेकट्याच्या हातात, आणि समजावून सांगणारं कोणी त्याच्याबरोबर येत नाही.

जुन्या यंत्राशी कसं नातं ठेवावं याचा विचार करताना मला होमाई व्यारावालांची आठवण येते. 1913मध्ये नवसारीला जन्मलेल्या या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार आयुष्याच्या उत्तरार्धात बडोद्यात राहिल्या. स्वातंत्र्याची पहाट, फाळणीच्या निर्णयाची बैठक, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंची असंख्य रूपं त्यांनी टिपली. त्यासाठी वापरला तो स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा. या कॅमेऱ्यात फिल्मचा एकेक सुटा पत्रा साच्यात घालून बसवायचा. साच्याच्या दोन बाजूंना दोन पत्रे, म्हणजे दोन चित्रं झाली की साचा बदलायचा. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. तो तापलेला काढायचा आणि नवा लावायचा. साडी नेसून, खांद्यावर हे सगळं सामान घेऊन, पुरुषांच्या गर्दीत उभं राहून बटण दाबायची ती एकच संधी. म्हणून त्या आधी बघत, थांबत, जागा निवडत आणि मग चित्र घेत.

1970मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. पण कॅमेरे बदलले म्हणून सोडला नाही. नव्या पिढीतल्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, सभ्यतेचा अभाव त्यांना सहन होईना, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मला यात फार मोठी स्पष्टता दिसते. त्यांना यंत्राचा उमाळा नव्हता. त्या यंत्राबरोबर जी शिस्त आली होती ती गेल्याचं दुःख होतं. ही दोन दुःखं आपण नेहमी एकमेकांत मिसळतो. बडोद्यात त्या एकट्या राहत, घरातली सुतारकी, नळदुरुस्ती स्वतः करत, आणि डीएलडी 13 नंबरची त्यांची जुनी फियाट हे त्यांच्या ओळखीचंच अंग होतं. यंत्र बिघडलं तर उघडून बघायचं, हा त्यांचा स्वभाव होता. 2011मध्ये पद्मविभूषण मिळाला, 15 जानेवारी 2012 रोजी त्या गेल्या. आजच्या बऱ्याच फोनना उघडण्यासाठी स्क्रूसुद्धा दिसत नाही, तेव्हा हा स्वभाव किती मोलाचा होता ते कळतं.

गाण्याच्या बाबतीत मात्र यंत्र बदललं म्हणून फायदा झाला, हे मान्य करायला हवं. उस्ताद फैयाज खाँ हे बडोद्याचे दरबारगायक. त्यांची नोम-तोमची आलापी तास तास चाले, आणि 78 फेऱ्यांची लाखेची तबकडी एका बाजूला फार तर साडेतीन मिनिटं वाजे. ललत, जौनपुरी, भैरवी त्यांनी त्या साडेतीन मिनिटांत बसवून दाखवली. ऐकताना अजूनही दर वेळी थक्क व्हायला होतं. पण त्यांचा खरा विस्तार आज आपल्याला ऐकायला मिळतो तो रेडिओच्या ध्वनिमुद्रणांमुळे. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या मोजक्या संस्थानांची स्वतःची आकाशवाणी होती त्यात बडोदे होतं. पुढे ते केंद्र ऑल इंडिया रेडिओत गेलं. खाँसाहेब 5 नोव्हेंबर 1950 रोजी बडोद्यातच वारले. टेप, लाँगप्ले, सीडी हे एकामागून एक आले नसते तर त्यांचं गाणं साडेतीन मिनिटांचंच राहिलं असतं. जुन्या तबकडीची खरखर कितीही हवीहवीशी वाटली, तरी हे विसरून चालणार नाही. दर बाजूला सुई बदलायची, चावी भरायची, तबकडी हातातून निसटली की गाण्याचे तुकडे, हे सगळंही त्या खरखरीबरोबरच येत होतं.

टेलिफोनचीही एक बडोदेकर कहाणी आहे. ओडिशातल्या तितिलागढचा एक गुजराती मुलगा महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला आणि 1964 साली शिकागोला गेला. तोपर्यंत त्यानं स्वतः कधी फोन वापरलेला नव्हता. सॅम पित्रोदा हे त्याचं नाव. 1984मध्ये त्याच्या पुढाकारानं सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्या अभियंत्यांनी 128 लाइनींचं असं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं जे धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालेल. त्यानंतर चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहिले. त्याआधी बडोद्याच्या दांडिया बाजारातून पुण्याला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसावं लागे. साधा, अर्जंट, लायटनिंग. जसा पैसा तसा वेग. बोलण्याच्या मध्येच ऑपरेटर तीन मिनिटं झाल्याचं सांगे. लग्न ठरल्याची बातमी, मुलाचा निकाल, आजारपण, सगळं त्या तीन मिनिटांत कोंबलेलं असे. रात्री दर उतरल्यावर बूथसमोर रांग लागे, आणि रांगेतल्या सगळ्यांना सगळ्यांच्या घरची खबर असे. मोबाइलवरचा पहिला संवाद भारतात 31 जुलै 1995 रोजी झाला. बूथ जितक्या झपाट्यानं आले तितक्याच झपाट्यानं गेले. ज्या अपंग माणसांना आणि एकट्या बायकांना त्या बूथनं पोट भरायला दिलं होतं, त्यांच्याविषयी मात्र आपण फारसं बोललो नाही. तारसेवा जुलै 2013मध्ये बंद झाली तेव्हा निदान बातम्या तरी आल्या.

आता कॅसेटविषयी, कारण ही आठवणीची नव्हे, तातडीची बाब आहे. बडोद्यातल्या, आणि कुठल्याही गावातल्या मराठी घरात माळ्यावर कॅसेटचा एखादा डबा असतोच. त्यात गणेशोत्सवातलं गाणं, आत्याची नाट्यपदं, मुंजीतली मंगलाष्टकं, परदेशी गेलेल्या मुलासाठी आजोबांनी बोलून पाठवलेलं पत्र असं काहीबाही असतं. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली लोहाच्या संयुगाची भुकटी. तिला धरून ठेवणारा चिकट थर काळानं ढिला पडतो, दमट हवेत बुरशी धरते. टेप टिकली तरी वाजवणारा डेक टिकत नाही, कारण त्याचे रबरी पट्टे विरघळल्यासारखे चिकट होतात. युनेस्कोनं आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2019मध्ये जगाला याबद्दल सावध केलं, आणि चालू स्थितीतली यंत्रं मिळण्याची मुदत साधारण 2025पर्यंतच सांगितली. ती मुदत आता टळली आहे.

म्हणून आधी कॅसेटच्या पाठीवरची दोन छोटी दारं मोडून टाकावीत, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. आतला लोकरीच्या गादीचा तुकडा जागेवर आहे ना ते बघावं. पांढरी बुरशी दिसली तर घरी वाजवू नये, जाणत्याकडे द्यावी. वाजवण्यापूर्वी एकदा पुढे, एकदा मागे सावकाश गुंडाळून घ्यावी. 120 मिनिटांची टेप फार पातळ असते, तिला जास्त जपावं. डेकचं हेड स्पिरिटनं पुसावं. स्पीकरसमोर मोबाइल धरून काही करू नये. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढून संगणकात वेव्ह फाइल करावी, आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. गाणारं कोण, घर कोणाचं, साल कोणतं, हे फाइलच्या नावातच लिहावं.

आणि हे काम नातवंडांनी एकट्यानं करू नये. वायर जोडणं त्यांना जमेल. पण पेटीवर कोण आहे, मध्येच दाद कोणी दिली, मागून रडणारं बाळ कोणाचं, हे घरातलं जुनं माणूसच सांगू शकतं. ते शेजारी बसलेलं असावं, आणि ते जे बोलेल तेही दुसऱ्या फोनवर टिपून घ्यावं.