नुसताच पंख

विमानाचं धड काढून टाका, शेपूट छाटा, मागचं उभं सुकाणूही उपटा. उरला तो नुसता पंख. हा पंख जेट इंजिनांवर उडू शकतो, हे फेब्रुवारी १९४५ मध्ये बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्गला दिसलं. विमानाचं नाव हॉर्टन हो-२२९.

वाल्टर आणि रायमार हॉर्टन हे बॉनचे भाऊ. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा जर्मनीतली पोरं ग्लायडरकडे वळली. हे दोघे त्याच पिढीतले. रायमारचा हिशेब सरळ होता: विमानाचा जो भाग उचल देत नाही, तो फक्त हवेला अडवतो. मग तो ठेवायचाच कशाला?

१९४३ मध्ये नाझी हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याला हवं होतं १००० किलो बॉम्ब घेऊन १००० किलोमीटर आत घुसणारं, ताशी १००० किलोमीटर वेगाचं विमान. त्या काळची जेट इंजिनं इंधन अक्षरशः ढोसत. एवढा पल्ला गाठायचा तर हवेचा अवरोध कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि भावांकडे त्याचं उत्तर तयार होतं. मागणाऱ्याबद्दल चांगला शब्द निघणं शक्य नाही. उत्तर मात्र थक्क करणारं होतं.

शेपूट नाही, तर विमान कोलांट्या का खात नाही? हॉर्टननी पंख मागे झुकवले. त्यामुळे टोकं गुरुत्वमध्याच्या मागे गेली. त्या टोकांना किंचित पीळ दिला, की शेपटीचं काम तीच करू लागतात. वळण्याची युक्ती तर त्याहून मजेदार. पंखाच्या टोकाजवळ पातळ पट्ट्या लपलेल्या असत. वैमानिकाने पाय दाबला, की त्या बाजूची पट्टी बाहेर येऊन हवा अडवे. होडीत एका बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरलं की होडी तिकडे वळते, तसं.

आणि हे सगळं बव्हंशी लाकडाचं! मधला सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर डिंकाने चिकटवलेलं प्लायवुड, पोटात युमो ००४ जातीची दोन इंजिनं. पुढचं चाक तर हाइंकेल १७७ या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीचं, उसनं आणलेलं.

२ फेब्रुवारीला वैमानिक एर्विन त्सिलरने हो-२२९ उडवलं. १८ तारखेला हवेत एक इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं आणि त्सिलर मेला. पुढचं अर्धवट विमान एप्रिलमध्ये फ्रीडरिशरोडाला अमेरिकनांच्या हाती लागलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

१९८०च्या दशकात रायमार म्हणू लागला की रडार चुकवण्यासाठी डिंकात कोळशाची पूड घालायचा बेत होता. दंतकथेला आणखी काय हवं? संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी लाकूड तपासलं. कोळशाचा पुरावा सापडला नाही. मला तर ही कथा मुळातच अनावश्यक वाटते. खरी करामत हवा कापण्यातली आहे. अमेरिकेचं बी-२ बॉम्बफेकी विमानसुद्धा पंखाच्या टोकांवरच्या उघडणाऱ्या पट्ट्यांनीच वळतं, फक्त तिथे तोल संगणक सांभाळतो. त्सिलरपाशी होते ते हात, पाय आणि ग्लायडरवाल्यांनी दिलेला पंखाचा पीळ.