गवतकापणी यंत्रातला कुत्रा

दर शनिवारी दुपारी आमच्या हाउससमोरच्या हिरवळीवर माळीकाका हाताने ढकलायचे गवतकापणी यंत्र चालवतात. यंत्र पुढे ढकलले की पाती सळसळतात आणि मागे ओढले की ‘खट-खट-खट’ असा आवाज येतो. पाच वर्षे मी तो आवाज ऐकत होतो. यंत्र जुने झाले म्हणून खटखटते, अशी माझी समजूत होती. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती समजूत दूर झाली. मागे ओढताना ती खटखट ऐकू येते आहे तोवर यंत्राची तब्येत ठीक समजायची. ती थांबली की काळजी करायची.

आमचे आजोबा देवळाली कॅम्पजवळ राहतात. ते फौजेत ई.एम.ई. म्हणजे तेव्हाच्या विद्युत आणि यांत्रिक अभियंता कोअरमध्ये होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. ‘कर्म ही धर्म’ हे त्या कोअरचे ब्रीद. निवृत्तीनंतर त्यांनी एका लिलावात कंडम मालातून असेच एक गवतकापणी यंत्र उचलले, दुरुस्त केले आणि अंगणातल्या हिरवळीवर वीस वर्षे चालवले. गेल्या दोन वर्षांत त्यांचा हात कापू लागला आहे आणि नजरही कमी झाली आहे. यंत्र शेडमध्ये तसेच पडून होते. मी सुट्टीवर गेलो तेव्हा आई म्हणाली, “भंगारवाल्याला देऊन टाकू, उगाच जागा अडते.” आजोबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला मात्र म्हणाले, “तुला चार दिवस वेळ असेल तर उघडून बघ. मी बाजूला बसतो.”

यंत्र चालते कसे?

या यंत्राला इंजिन नसते, पण गिअर असतात. दोन बाजूंना बिडाची दोन चाके आणि मध्ये पीळ दिलेल्या पात्यांचे एक रीळ. प्रत्येक चाकाच्या आतल्या कडेला दाते असतात. रिळाच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटे दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. चाक फिरले की आतले दाते पिनियनला फिरवतात आणि पिनियन रिळाला.

मी दाते मोजले. चाकाला ६० आणि पिनियनला १२. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात रिळाचे ५ फेरे होतात. रिळावर ५ पाती आहेत, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात २५ काप. चाकाचा व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ७८ सेंटिमीटर. हिशेब केला तर दर तीन सेंटिमीटरला एक काप पडतो. सेकंदाला एक मीटर या वेगाने चाललो तरी सेकंदाला तीसहून जास्त काप होतात. गणिताच्या तासाला गिअरचे गुणोत्तर मी पाठ केले होते, पण ते हाताला लागले या शेडमध्ये.

रिळाखाली एक सरळ, न हलणारे पाते असते. फिरणारे पाते गवत ओढून या स्थिर पात्यावर आणते आणि दोघांमध्ये गवत कात्रीसारखे कापले जाते. ही कल्पना इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर भागातल्या एडविन बडिंग या कारागिराची. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कापण्यासाठी असेच फिरत्या पात्यांचे यंत्र वापरत. त्यावरून त्याने १८३० मध्ये गवत कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी हिरवळ विळ्याकोयत्याने कापावी लागे किंवा मेंढ्यांना चरायला सोडावी लागे.

आता खटखटीकडे येऊ. यंत्र मागे ओढताना रीळ उलटे फिरून चालत नाही. म्हणून पिनियन दांड्यावर पक्के बसवलेले नसते. दांड्याला आरपार एक खाच असते आणि त्या खाचेत पोलादाची एक चपटी पट्टी मोकळी सरकत असते. पट्टी माझ्या करंगळीच्या अर्ध्या पेराएवढी. पिनियनच्या आतल्या बाजूला करवतीसारखे एकीकडे उभे आणि एकीकडे उतरते दाते असतात. चाक पुढे फिरले की पट्टीचे टोक उभ्या बाजूला अडते आणि रीळ फिरते. चाक मागे फिरले की उतरती बाजू पट्टीला आत ढकलते आणि ती एकेका दात्यावरून घसरत जाते. ‘खट-खट’ हा आवाज तिचाच.

सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हेच तत्त्व असते. पेडल थांबवले तरी मागचे चाक टकटक करीत फिरत राहते ते यामुळेच. सायकल दुरुस्त करणारे या तुकड्याला ‘कुत्रा’ म्हणतात. एका दिशेला धरतो आणि दुसऱ्या दिशेला सोडतो, म्हणून हे नाव मला फार आवडले. यंत्राच्या दोन्ही बाजूंना एकेक कुत्रा असल्याचा आणखी एक फायदा आहे. वळण घेताना बाहेरचे चाक जास्त अंतर जाते आणि आतले कमी. अशा वेळी बाहेरचा कुत्रा रीळ ओढतो आणि आतला नुसता घसरतो, त्यामुळे चाक फरफटत नाही.

दोष शोधणे

“आधी बघ, मग उघड,” हे आजोबांचे पहिले वाक्य. आम्ही यंत्र दोन विटांवर टेकवून चाके अधांतरी केली. उजवे चाक पुढे फिरवले, रीळ जड पण फिरले. डावे चाक पुढे फिरवले, रीळ हलले नाही. मागे फिरवले, आवाज नाही. डावा कुत्रा खाचेतच चिकटला होता. म्हणूनच यंत्र ढकलताना ते सारखे उजवीकडे ओढत होते. सगळा भार एकट्या उजव्या चाकावर येत होता.

इथे सावधगिरीची एक गोष्ट. चाक हाताने थोडे हलवले तरी पाती त्याच्या पाचपट फिरतात. रिळात बोट असेल तर ते जायला वेळ लागत नाही. आजोबांनी रीळ आणि स्थिर पाते यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकायला लावली आणि हातात चामडी मोजे घालायला सांगितले. त्यानंतरच पाना हातात दिला.

चाकाच्या मध्यावरची टोपी काढली. आत सर्क्लिप होती. ती काढताना उडते आणि गवतात पडली तर सापडत नाही, म्हणून वर फडके धरले. वॉशर निघाला, चाक बाहेर आले. आत दाते दिसतच नव्हते. ग्रीस, माती आणि गवताचा भुगा मिळून डांबरासारखा काळा थर झाला होता.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा धातूचा साबण, बहुधा लिथियमचा किंवा कॅल्शियमचा. साबण हा स्पंजासारखा आणि खरे वंगण त्यातले तेल. वर्षानुवर्षे तसेच राहिले की तेल झिरपून आणि हवेने बिघडून जाते आणि मागे घट्ट गोळा उरतो. वंगण म्हणून लावलेली वस्तूच मग गोंदाचे काम करते. आमचे यंत्र मोडले नव्हते. ते नुसते चिकटले होते.

पिनियन ओढून काढले, पण कुत्रा खाचेतून हलेना. मी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी उचलली. आजोबा पलंगावरूनच म्हणाले, “ठोकू नकोस. तो कडक पोलादाचा आहे, तुटला तर दुकानात मिळायचा नाही. त्याला रात्रभर डिझेलमध्ये भिजू दे.” मी दांड्याच्या टोकाला डिझेलमध्ये भिजवलेले फडके गुंडाळून ठेवले. सकाळी यंत्र कलते केले आणि कुत्रा आपसूक हातात पडला. (डिझेलचे काम उघड्यावर आणि चुलीपासून, काडीपेटीपासून लांब करावे.)

माझी चूक

आजोबांनी सांगितले होते, “डाव्या बाजूचा माल एका डब्यात आणि उजव्या बाजूचा दुसऱ्या डब्यात.” दोन्ही पिनियन मला अगदी सारखी दिसत होती. दात्यांची संख्या तीच, माप तेच. मग दोन डबे कशाला? मी सगळे एकाच डब्यात टाकले, जुन्या टूथब्रशने घासून लखलखीत केले, ग्रीस लावले आणि जोडले.

संध्याकाळी शेडमागे यंत्र ढकलून पाहिले. पुढे जाताना पाती स्थिर आणि खटखट आवाज. मागे ओढताना मात्र रीळ जोरात फिरले, तेही उलटे. उलटे फिरणारे पाते गवत कापत नाही, नुसते चाटते. काहीतरी उलटसुलट झाले होते. अंधार पडत होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. अंगणात आलो. आजोबांनी विचारले, “झालं का?” मी म्हणालो, “झालं, आजोबा.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी शाळेत परतल्यावर आजोबा यंत्र ढकलून पाहणार, ते चालणार नाही आणि शेवटी ते भंगारात जाणार. आपला हात आता कामाचा राहिला नाही, असेही कदाचित त्यांना वाटणार. चूक माझी आणि तिचा भार त्यांच्यावर. पहाटे पी.टी.च्या वेळी सवयीने जाग आली. मी शेडमध्ये दिवा लावला आणि दोन्ही चाके पुन्हा उघडली.

पिनियन उजेडात धरून आत पाहिले तेव्हा समजले. बाहेरचे दाते सारखे असले तरी आतले करवती दाते एकमेकांच्या उलट दिशेला उतरत होते, आरशातल्या प्रतिमेसारखे. डावे पिनियन उजवीकडे गेले की कुत्रा पुढे सोडतो आणि मागे धरतो. मी त्यांची अदलाबदल केली. तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले. मी त्यांना सगळे सांगितले, डब्याचे आणि कालच्या ‘झालं’चेही.

ते म्हणाले, “काल संध्याकाळीच ऐकलं होतं मी. पुढे जाताना खटखटत होतं ते. दिसत नसलं तरी ऐकू येतं मला.” थोडे थांबून म्हणाले, “डबे दोन का, ते कळलं ना आता?” रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

मग त्यांनी एक गंमत सांगितली. काही कारागीर धार लावण्यासाठी पिनियनची अशी अदलाबदल मुद्दाम करतात. पात्यांना धारेची पेस्ट लावून रीळ उलटे फिरवले की पाती आणि स्थिर पाते एकमेकांवर घासून धार येते. तीच गोष्ट समजून केली तर कारागिरी आणि न बघता केली तर चूक.

ग्रीस कुठे आणि किती?

दुसऱ्यांदा जोडताना ग्रीस आजोबांच्या देखरेखीखाली लावले. ग्रीसच्या घट्टपणाचे ०००पासून ६पर्यंत नऊ क्रमांक असतात. ००० तेलासारखे वाहते आणि ६ साबणाच्या वडीसारखे घट्ट असते. आम्ही लिथियमचे २ क्रमांकाचे घेतले. ते श्रीखंडाच्या चक्क्याएवढे घट्ट असते. चाकाच्या आसाला बोटभर आणि दात्यांना ब्रशने पातळ थर, एवढे पुरे. पोकळी ठासून भरली की जास्तीचे ग्रीस बाहेर येते आणि माती गोळा करते. कुत्र्याच्या खाचेत ग्रीस मुळीच लावले नाही. तिथे शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब. कुत्रा मोकळा सरकला पाहिजे, आणि घट्ट ग्रीस तिथेच त्याला धरून बसते. जुने ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवे लावू नये. दोन वेगळ्या साबणांची ग्रीस एकत्र आली तर ती पातळ होऊन वाहू शकतात किंवा घट्ट होऊ शकतात.

शेवटी पात्यांमधले अंतर. वर्तमानपत्राची पट्टी स्थिर पात्यावर धरून रीळ चाक धरून सावकाश फिरवले. पट्टी पूर्ण लांबीत कात्रीने कापल्यासारखी कापली गेली पाहिजे. नाही कापली तर दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे, सारखे फिरवायचे. फार आवळले तर यंत्र जड होते आणि पाती झिजतात.

घरी करणार असाल तर

१. रिळात पाचर, हातात मोजे. मगच काम.
२. उघडण्याआधी दोन्ही चाके पुढे-मागे फिरवून ऐका आणि दोष कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा.
३. डावे आणि उजवे यांचे डबे वेगळे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम.
४. अडकले तर भिजवा, ठोकू नका.
५. जोडल्यावर पुढे ढकलताना रीळ फिरले पाहिजे आणि मागे ओढताना खटखट आली पाहिजे.
६. इंजिनाच्या यंत्राला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा. त्याच्या बंद गिअरबॉक्समध्ये माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल किंवा ग्रीस घाला.

त्या दिवशी दुपारी स्टेशनला निघण्याआधी अंगणाची एक पट्टी मी कापली आणि एक आजोबांनी. त्यांचा हात कापत होता, पण दांडा धरल्यावर कमी कापत होता. यंत्र मागे ओढले की खटखट येई आणि ते मान डोलवत. आईने भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी माळीकाकांच्या यंत्राकडे कान लावला. त्यांचे डावे चाक मागे ओढताना गप्प होते. मी त्यांना सांगितले आहे. या रविवारी आम्ही दोघे ते उघडणार आहोत. दोन डबे मी आधीच आणून ठेवले आहेत.