नावाचाही फेरफार हवा

बुलढाणा जिल्ह्यात शेतकरी निवर्तला की सातबाऱ्यावर वारसांची नावे चढविण्यासाठी मुले तलाठ्याकडे जातात. फेरफार झाला नाही तर कर्जापासून विक्रीपर्यंत सारेच अडते, हे त्यांना ठाऊक असते. परंतु खामगाव वा मलकापूरच्या पेठेतील एखाद्या मसालेवाल्याने आपल्या मालाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले असेल, तर त्याच्या पश्चात त्या नावाचाही फेरफार करावा लागतो, ही जाणीव क्वचितच आढळते.

व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला. त्याच्या ४५ व्या कलमानुसार नोंदलेल्या चिन्हाची मालकी विक्रीने बदलो वा वारशाने, नव्या मालकाने निबंधकाकडे अर्ज करावयाचा असतो. तोवर, या बदलाची माहिती नसताना त्याच चिन्हावर कोणी विरोधी हक्क मिळविला, तर त्याच्यापुढे वारसाचा हक्क लंगडा पडतो. भावाभावांच्या वाटणीत तर प्रश्न अधिकच बिकट होतो. शेताचे दोन तुकडे होतात. पण ग्राहकाची फसगत होऊ नये म्हणून एकाच मालाचे एकच नाव दोघांच्या स्वतंत्र मालकीत देण्यावर कायद्याने बंधने घातली आहेत.

हा हेतू योग्यच आहे. आक्षेप आहे तो शुल्काला. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांच्यासाठी नव्या नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये ठेवले. इतरांसाठी ते ९,००० रुपये आहे. मालकीबदलाच्या नोंदीसाठी मात्र प्रत्येक चिन्हामागे सरसकट ९,००० रुपये! दर दहा वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणाचीही तीच गत. चिन्हाच्या जन्माला सवलत आहे, वारशाला नाही.

छाननीला खर्च येतो, हे मान्य. तथापि नोंदवहीचे मोल तिच्या खरेपणात असते. शुल्काच्या धास्तीने वारस नोंद टाळू लागले, तर तीत मृतांचीच नावे उरतील आणि खरा मालक कोण, हे ग्राहकाला, बँकेला वा न्यायालयाला तिच्यावरून कळणार नाही. म्हणूनच लघुउद्योगांची निम्म्या शुल्काची सवलत मालकीबदलासही लागू करावी आणि वारसनोंदीचे शुल्क नाममात्र ठेवावे. व्यापाऱ्यांनीही वाटणीपत्रात दुकान, माल व उधारीबरोबर नावाचा स्पष्ट उल्लेख करावा. बापाने आयुष्यभर जपलेली पत मुलांच्या हाती येताना बेवारस ठरू नये.