मामांचा मोतीबिंदू

आमचे मामा शेंदूरजनाघाटचे संत्रावाले. वय अडुसष्ट. जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. परंतु गेल्या वर्षी आंबिया बहाराच्या तोडीत पिकले फळ कोणते नि कच्चे कोणते हे दिसेना, तेव्हा कुठे ते मोतीबिंदू काढून घ्यायला अमरावतीस आमच्याकडे आले.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि रक्त तपासून आणायला सांगितले. मामा उसळलेच!

"डोया दाखवाले आलो, बाप्पा! रगत कायले पायजे?"

रक्ताने उत्तर दिले. उपाशीपोटी साखर २८६. १२६ झाली की मधुमेह समजतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी १०.२ निघाली; साडेसहालाच मधुमेहाची वेस लागते! रक्तदाबही चढलेला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, नि मामा रुसून बसले.

डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते. साखर चढलेली असली की जखम लवकर भरत नाही, जंतूंचे फावते. मोतीबिंदूही मधुमेह्याला इतरांपेक्षा लवकर गाठतो. आपल्या विदर्भात सिकलसेलही असाच लपून राहतो. त्या रोग्याला भुलेत प्राणवायू कमी पडला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्ताची वाट अडवतात. सुरी लावण्यापूर्वी तपासायचे ते याचसाठी.

मामांना हे पटेना. शेवटी मी बागेत शिरलो. म्हटले, "मामा, डिंक्या लागलेलं झाड आधी कसं दिसतं?"

"हिरवंगार! बुडाची माती उकरून पायल्याबिगर समजतच नाई."

बोलता बोलता ते थबकले. मग हळूच म्हणाले, "मंग आमच्या आबाले हेच व्हतं का रे?"

आबा म्हणजे माझे आजोबा. पायात काटा रुतला, जखम भरेना, पाय काळा पडला. सहा महिन्यांत गेले. 'काटा बाधला' एवढेच घरचे निदान. तिकडे टोरांटोत १९२२ सालीच माणसाला इन्शुलिन टोचले गेले होते; पण आबांचे रक्त कोणी पाहिलेच नाही. आता कोण सांगणार?

औषधपथ्याने साखर खाली आली आणि दोन महिन्यांनी मामांचा मोतीबिंदू निघाला. आबांचे रक्त माझ्याही अंगात आहे, म्हणून मीही माझे तपासून घेतले. उपाशीपोटी ११८, म्हणजे उंबरठ्यावर! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही दहा कोटींवर आणि असे उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटींवर निघाले. त्यांतलाच मी एक. आणि मला तर काहीच दुखत नव्हते.

यंदा दिवाळीला मामांनी नेहमीप्रमाणे संत्र्यांची पेटी पाठवली. सोबत निरोप होता :

"एकच खाय, भाचेबुवा. अन् रस काढून पिऊ नको."