जोडलेला संगणक आणि न उघडणारें पान

प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख उजाडलेली आहे, संगणकाच्या कोपऱ्यांत वाय-फायची खूण भरलेली दिसते आहे, आणि तरीहि ब्राउझरमध्यें एकहि पान उघडत नाहीं, असा प्रसंग आज पुष्कळ घरीं येतो. अशा वेळीं कोणी तरी जाणता म्हणतो, "हें लिनक्सच नको, सगळें पुसून पुन्हां घाला." दिवा लागेना म्हणून घर पाडावें, तसाच हा उपाय, त्यांत जुनीं छायाचित्रें व कागदपत्रें जातात तीं वेगळींच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली. नवें विंडोज न पेलणारे जुने संगणक लिनक्स घालून वापरांत ठेवतां येतात. म्हणून ही विद्या थोडी तरी घरीं असावी.

मुळांत 'जोडलेला' हा शब्दच फसवा आहे. कोपऱ्यांतील खूण मुख्यतः एवढेंच सांगते कीं, संगणक घरांतल्या राउटरपर्यंत पोंचला. राउटरच्या पुढें सेवा पुरविणारी कंपनी, नांवांची निर्देशिका आणि शेवटीं हवी ती जागा, अशी लांब सांखळी आहे. तिची कोणती कडी निसटली, हें पाहावयाचें.

प्रथम त्याच वाय-फायवर मोबाइल लावून पाहावा. मात्र मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून. एवढें विसरल्यामुळें पुष्कळांची परीक्षा फसते. मोबाइलवरहि पान उघडत नसेल तर संगणक निर्दोष समजावा. राउटर बंद करून मिनिटाभरानें लावावा, आणि तेवढ्यानें न भागल्यास कंपनीस विचारावें.

मोबाइलवर पान उघडत असेल, तर टर्मिनल उघडून 'आयपी रूट' ही आज्ञा द्यावी. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहावयाच्या. 'डिफॉल्ट' या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळींत राउटरचा आंकडा सांपडतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा कांहीं तरी असतो. 'पिंग' लिहून पुढें तो आंकडा द्यावा, म्हणजे उत्तरें एकामागून एक येऊं लागतात. लिनक्समधील पिंग आपण होऊन थांबत नाहीं. कंट्रोल व सी या कळा एकदम दाबून तें थांबवावें लागतें. मग हाच प्रश्न ८.८.८.८ या आंकड्याला व शेवटीं एखाद्या परिचित स्थळाच्या नांवाला विचारावा. राउटरच गप्प असेल तर वाय-फाय तोडून पुन्हां जोडावें. राउटर बोलतो, पण ८.८.८.८ बोलत नाहीं, असें झाल्यास कचेरीच्या कामाचें एखादें व्हीपीएन चालू राहिलें आहे काय, तें पाहावें. कांहीं ठिकाणीं पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहींत, हेंहि लक्षांत असावें.

आंकडा उत्तर देतो, परंतु नांव ओळखलें जात नाहीं, हा प्रकार मात्र अगदीं नेहमींचा. यंत्रें एकमेकांस आंकड्यांनीं ओळखतात, माणसें नांवांनीं. प्रारंभीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें सर्व यंत्रांच्या नांवांची एकच यादी ठेवीत, व इतर ठिकाणचे लोक तिची प्रत उतरवून घेत. यंत्रें वाढलीं तशी यादी आवरेना. तेव्हां १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही ठिकठिकाणीं वांटून दिलेली निर्देशिका मांडली. पान मागितलें कीं संगणक आधीं हिला आंकडा विचारतो. तिचें उत्तर न आल्यास बाकी सारें ठाकठीक असूनहि पडदा कोराच राहतो.

येथें एक चूक हटकून होते. उबुंटूसारख्या लिनक्समध्यें निर्देशिकेच्या फाइलींत १२७.०.०.५३ हा आंकडा दिसतो. तो चुकीचा वाटून लोक खोडतात. वस्तुतः तो संगणकांतीलच निरोप्याचा पत्ता होय, आणि त्या फाइलींत हातानें केलेला बदल बहुधा टिकतहि नाहीं. त्याऐवजीं सेटिंग्जमध्यें त्या वाय-फायचें 'आयपीव्ही४' हें पान काढून डीएनएसचें 'ऑटोमॅटिक' बंद करावें, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहावें, आणि जोडणी एकदां तोडून पुन्हां करावी. पहिला आंकडा क्लाउडफ्लेअर कंपनीचा, २०१८ पासूनचा. दुसरा गूगलचा, २००९ पासूनचा. घरांतील मंडळी कोणकोणतीं स्थळें पाहतात, त्याची नांवनिशी अशानें त्या कंपनीच्या हातीं जाते, हें जाणूनच तो वापरावा.

नांवें ओळखलीं जातात, तरीहि ब्राउझर प्रत्येक पानावर धोक्याची सूचना देतो, असें झाल्यास घड्याळ पाहावें. जुन्या संगणकांतील बटणाएवढी बॅटरी संपली कीं तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि स्थळांचीं प्रमाणपत्रें मुदतीबाहेरचीं ठरतात. तारीख नीट करून बॅटरी बदलावी. ती फार महाग नसते. एकाच ब्राउझरांत अडचण असेल तर त्यांतील प्रॉक्सीची नोंद व जोडलेले एक्स्टेन्शन तपासावेत.

अर्जाच्या दिवशीं मात्र एवढा शोध करीत बसूं नये. मोबाइल यूएसबी तारेनें संगणकास जोडून त्यावर टेदरिंग चालू करावें. लिनक्स त्यास बहुधा तारेची जोडणी म्हणून आपण होऊन ओळखतें. अर्ज पाठवून पावती जपून ठेवावी, आणि मग रात्रीं सावकाश पिंगपासून आरंभ करावा.